चाकाची बैठक : मालमोटारीस बाहेरचीं चाकें घालण्यापूर्वीं

हल्लीं आपल्यापैकीं पुष्कळ बागाईतदारांनीं स्वतःची लहान मालमोटार, जीस आपण पिकअप म्हणतों ती, दाराशीं आणून उभी केली आहे. कांदा, टोमॅटो, द्राक्षें बाजारांत वेळेवर नेण्यास ती सोयीची, यांत वाद नाहीं. परंतु गाडी घरीं आल्यावर थोड्याच दिवसांत तिचीं मूळचीं चाकें उतरवून दुकानांत मिळणारीं रुंद, चकचकीत चाकें चढविण्याची हौस बळावत चालली आहे. चिखलांत रुंद टायर कमी रुततो, असें कारण देण्यांत येतें. तें अगदींच खोटें नाहीं. मात्र नवें चाक हबावर नेमकें कोठें बसतें, हें न विचारतां पैसे मोजले जातात. भोकें जुळलीं कीं चाक जुळलें, अशी समजूत आहे. प्रस्तुत लेखकाचीही तशीच होती.

बैलगाडीच्या चाकांत आरे तुंब्यांत बसतात आणि धाव आऱ्यांच्या टोकांवरील लांकडी घेरावर चढविलेली असते. म्हणून धाव, आरे आणि तुंबा हीं बहुतेक एकाच रेषेंत येतात. मोटारीच्या चाकाचें तसें नाहीं. त्यांत टायर धरणारी रिम निराळी आणि हबावर टेंकणारी भोकांची तबकडी निराळी. ही तबकडी रिमच्या मध्यावरच असेल असा नियम नाहीं. ती आंत किंवा बाहेर सरकवून जोडलेली असते. तबकडीचा जो सपाट भाग हबास चिकटतो, त्यास आपण चाकाची बैठक म्हणूं. रिमच्या रुंदीच्या बरोबर मध्यावर एक रेषा कल्पिली, तर त्या रेषेपासून बैठकीपर्यंतचें अंतर म्हणजे ऑफसेट होय. तें मिलिमीटरांत मोजतात.

बैठक मध्यरेषेवरच असली तर ऑफसेट शून्य. बैठक मध्यरेषेच्या बाहेरच्या, म्हणजे रस्त्याच्या अंगास असली तर तो धन. अशा चाकाचा बराचसा भाग गाडीच्या पोटांत शिरतो. बैठक आंतल्या अंगास असली तर तो ऋण; असें चाक बाहेर डोकावतें. येथें नवख्याची हमखास गफलत होते, कारण बैठक बाहेर गेली कीं चाक आंत येतें आणि बैठक आंत गेली कीं चाक बाहेर येतें. हब जागचा हलत नाहीं, हलते ती रिम, एवढें ध्यानांत धरलें कीं घोटाळा राहत नाहीं. पुष्कळ चाकांवर ‘ईटी ४०’ अशासारखा शिक्का असतो. ईटी हें एका जर्मन शब्दाचें संक्षिप्त रूप असून ४० म्हणजे धन ४० मिलिमीटर.

शिक्का नसेल तर चाक घरींही मोजतां येतें. टायर काढलेली रिम बाहेरची बाजू खालीं करून सपाट फरशीवर ठेवावी. वरच्या कांठावर सरळ पट्टी आडवी टाकावी आणि पट्टीपासून खालीं बैठकीपर्यंतची खोली मोजावी. मग रिमची एका कांठापासून दुसऱ्या कांठापर्यंतची पूर्ण रुंदी मोजून तिची निमपट त्या खोलींतून वजा करावी. खोली १२९ मिलिमीटर आणि पूर्ण रुंदी १७८ भरली, तर निमपट ८९ आणि ऑफसेट धन ४० येतो. मात्र चाकावर लिहिलेली ६ इंचांची रुंदी ही टायरच्या बैठकींमधील असते, कांठापासून कांठापर्यंतची नव्हे. पूर्ण रुंदी तीहून सुमारें एक इंच अधिक भरते. वरील चाक ६ इंचांचेंच आहे.

आतां समजा, या ६ इंची, धन ४० च्या चाकाऐवजीं ७ इंच रुंदीचें, धन १० चें चाक आणलें. पहिल्याची निम रुंदी ७६ मिलिमीटर. तींतून ४० गेले, म्हणजे बैठकीपासून बाहेरची कड ३६ वर. दुसऱ्याची निम रुंदी ८९. तींतून १० गेले, म्हणजे कड ७९ वर. चाक ४३ मिलिमीटर बाहेर आलें. आंतल्या अंगाचें अंतर पहिल्यांत ७६ अधिक ४०, म्हणजे ११६ होतें, तें दुसऱ्यांत ९९ झालें. आंत १७ मिलिमीटर मोकळे झाले. ऑफसेट ४० च ठेवून केवळ रुंदी वाढविली असती, तर चाक दोन्ही अंगांस सारखेंच, १३-१३ मिलिमीटर वाढलें असतें. तेव्हां आंत स्टिअरिंगचा दांडा, ब्रेक आणि पाटे यांपासून किती जागा आहे, तें आधीं पाहावें लागतें. आणि तेंही गाडी रिकामी असतांना नव्हे, तर माल भरून, पुढील चाकें दोन्हीकडे पूर्ण वळवून.

हेंच ७ इंची चाक आम्हीं आमच्या गाडीस घातलें होतें. प्रथम दिसलें तें एवढेंच कीं, चिखल मडगार्डाबाहेर उडून दारांवर बसूं लागला. नंतर खड्ड्यांतून जातांना स्टिअरिंगला हिसके बसूं लागले. याचें कारण असें : पुढील चाक ज्या कल्पित खिळीभोंवतीं वळतें, ती रेषा खालीं उतरविली असतां मूळ रचनेंत टायरच्या ठशाच्या मध्याजवळ जमिनीस लागते. चाक बाहेर सरलें कीं हें अंतर वाढतें आणि तरफेचा दांडा लांब होतो. मग प्रत्येक दगडाचा धक्का चालकाच्या मनगटापर्यंत पोंचतो. बेअरिंगांचेंही तसेंच. हबांतील दोन बेअरिंगांमध्यें भार कसा वांटला जावा, हें कारखान्यानें मूळ ऑफसेट धरूनच ठरविलेलें असतें. रेषा ३० मिलिमीटर बाहेर गेली कीं बाहेरच्या बेअरिंगावर अधिक बोजा पडतो. पांच महिन्यांनीं कांदा घेऊन लासलगावास जातांना उजव्या पुढील चाकांतून घरघर येऊं लागली आणि हबास हात लाववेना. रात्र रस्त्याच्या कडेस काढली. माल पोंचला तो दुसऱ्या दिवशीं, आणि त्या दिवशीं लिलाव बंद. मिस्त्रीनें काढून दाखविलेल्या बाहेरच्या बेअरिंगाच्या रोलरांवर खड्डे पडलेले होते.

कोणी म्हणेल, ट्रॅक्टरचीं मागचीं चाकें आपण उलटसुलट करून त्यांतील अंतर कमीजास्त करतोंच कीं! तें खरें आहे, आणि ऑफसेट समजण्यास तें उत्तम उदाहरण आहे. तबकडी उलटविली कीं बैठक मध्यरेषेच्या दुसऱ्या अंगास जाते आणि पिकाच्या ओळींस जुळेल असें अंतर मिळतें. परंतु ट्रॅक्टरचा आंस त्या हेतूनेंच केलेला असतो. तेथेंही पुस्तकांत दिलेल्या मापांपलीकडे जावयाचें नसतें. पिकअपला अशी मुभा कोणी दिलेली नाहीं. हब आणि चाक यांमध्यें चकती घालून चाक बाहेर काढणें हाही ऋण ऑफसेटचाच दुसरा प्रकार समजावा.

ज्यांच्या मोठ्या मालमोटारीस मागें जोडचाकें आहेत, त्यांस आणखी एक सावधगिरी. तेथें दोन चाकें पाठीस पाठ लावून बसतात आणि दोन्ही टायरांमधील फट त्यांच्या ऑफसेटवर अवलंबून असते. ऑफसेट कमी पडला किंवा टायर अधिक रुंद घेतला, तर भरल्या गाडींत खालचा फुगलेला भाग एकमेकांस घासतो, तापतो आणि टायर फुटतो. जोडींत दगड अडकण्याचा धोकाही वाढतो.

कायद्याचेंही पाहावें. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमान्वयें नोंदणींतील मूळ तपशिलाशीं विसंगत ठरेल असा बदल गाडींत करतां येत नाहीं. अपघातानंतर विमा कंपनीनें आक्षेप घेतल्यास गांठ मालकाशीं असते.

तरीही चाकें बदलणें भाग पडलेंच, तर मूळ ऑफसेटच्या शक्य तितकें जवळचें चाक घ्यावें आणि त्यावरील भारक्षमतेचा आंकडा आपल्या मालाच्या वजनाशीं ताडून पाहावा. भोकांची संख्या व त्यांच्या वर्तुळाचा व्यास जुळला तरी मधलें भोक हबावर घट्ट बसतें कीं नाहीं, हें पाहावें. नटाची बसक निमुळती, गोलाकार कीं सपाट, तेंही पाहावें. निमुळत्या बसकेच्या चाकास सपाट नट आंवळला तर तो ढिला होत राहतो. नवें चाक बसविल्यावर ५० ते १०० किलोमीटर चालवून सर्व नट पुन्हा एकवार, समोरासमोरच्या क्रमानें, पुस्तकांत दिलेल्या जोरानेंच आंवळावेत.