ध्रुवाजवळची वाट आणि लुकलुकणारे संदेश

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मी अलिबागजवळ मामांच्या गावी गेलो होतो. मामा मासेमारीच्या नौकेवर तांडेल आहेत. "पूर्वी होकायंत्र नि तारे बघून जायचो, आता हा डबा वाट सांगतो," असे म्हणत त्यांनी जी.पी.एस. यंत्र दाखविले. हा डबा कधी चुकत असेल का? हा प्रश्न भूगोलाच्या सरांना विचारला तेव्हा ते म्हणाले, "ध्रुवाकडे बघ." त्यानंतरच्या वाचनातून जे उमगले, ते येथे थोडक्यात मांडीत आहे.

सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून उपग्रह रेडिओ-संदेश पाठवितात. तो येण्यास किती वेळ लागला यावरून यंत्र अंतर काढते आणि निदान चार उपग्रहांच्या अंतरांवरून आपले स्थान ठरविते. वेळ मोजण्यात सेकंदाच्या एक कोटीव्या भागाची चूक झाली, तरी अंतर ३० मीटरांनी चुकते!

वाटेत साधारण ६० ते १,००० किलोमीटर उंचीच्या दरम्यान आयनांबर लागते. तेथील मोकळ्या इलेक्ट्रॉनांमुळे संदेशाला उशीर होतो. पण हा उशीर वारंवारतेनुसार बदलतो. म्हणून १५७५.४२ आणि १२२७.६० मेगाहर्ट्झ अशा दोन वारंवारतांवर आलेल्या संदेशांची तुलना करून तो बव्हंशी वजा करता येतो.

खरी अडचण निराळीच आहे. हवेच्या हालचालींमुळे तारे लुकलुकतात, तसे आयनांबर विस्कळीत झाले की रेडिओ-संदेशही लुकलुकतात. ध्रुवप्रदेशात पृथ्वीच्या चुंबकीय रेषा जवळजवळ उभ्या वातावरणात शिरतात. त्यांच्या आधाराने विद्युतभारित कण खाली उतरतात. ध्रुवीय प्रकाश दिसतो तो त्यांच्यामुळेच. शिवाय दिवसाच्या बाजूचे दाट आयनांचे पुंजके ध्रुवावरून रात्रीच्या बाजूकडे ओढले जातात. त्यांच्या फाटक्या कडांतून जाताना संदेशाच्या लहरी इतक्या वेगाने डळमळतात, की यंत्राच्या हातून त्यांचा माग सुटतो. वजाबाकी करायला संदेशच उरत नाही.

त्यात भर म्हणजे, या उपग्रहांच्या कक्षा विषुववृत्ताशी ५५ अंशांनी कललेल्या असल्याने ते ध्रुवावर कधीच माथ्यावर येत नाहीत. संदेश तिरपा, लांबच्या वाटेने येतो. आणि चुंबकीय ध्रुवाजवळ होकायंत्रही नीट दिशा दाखवीत नाही. म्हणजे जेथे नावाड्याला उपग्रहाची गरज सर्वाधिक, तेथेच त्याचा भरवसा कमी!

या घडामोडींचा अभ्यास स्वालबार्डमधील न्यू-आलेसुंद येथे चालतो. भारताचे 'हिमाद्री' हे संशोधन केंद्रही २००८ पासून तेथेच आहे.

मोठे सौर वादळ आले की ही खळबळ ध्रुवापुरती राहत नाही. १० व ११ मे २०२४ रोजी ध्रुवीय प्रकाशाची लाली लडाखमधील हानले येथूनही टिपली गेली. त्याच वेळी अमेरिकेत, ऐन पेरणीच्या दिवसांत, उपग्रहांच्या आधारे चालणारे कित्येक ट्रॅक्टर शेतातच थांबवावे लागले. आपल्याकडे चुंबकीय विषुववृत्त जवळ असल्याने सूर्यास्तानंतर काही वेळा संदेश लुकलुकतात. मात्र त्याचे कारण वेगळे आहे.

हे सारे मामांना सांगितले, तेव्हा ते हसून म्हणाले, "म्हणजे डबासुद्धा आभाळाच्याच भरवशावर!" त्यांच्या नौकेवर जुने होकायंत्र अजून आहे. ते काढू नका, एवढेच मी त्यांना सांगितले.