ख्रिस्ताचे मरण कोणासाठी? तारणाविषयी ख्रिस्ती लोकांतील मतभेद



'बुद्ध आणि त्यांचा धम्म' हा ग्रंथ ज्या घरी वाचला जातो त्या घरी मार्गदाता व मोक्षदाता यांतील भेद वेगळा समजावून सांगावा लागत नाही. भगवान बुद्ध मार्गदाते आहेत. ख्रिस्ती धर्म मात्र मोक्षदात्याचा धर्म आहे, असे म्हणून आपण पुढे जातो. अभ्यास करणाऱ्याने एवढ्यावर थांबू नये. मोक्ष देणारा कोणी एक आहे असे मानले की लगेच प्रश्न उभा राहतो : तो मोक्ष किती जणांसाठी? सर्वांसाठी, की काही निवडक लोकांसाठी? ज्याने त्याचे नावही कधी ऐकले नाही त्याचे काय? आपल्यापैकी अनेकांच्या शेजारात, कित्येकांच्या नात्यातही, ख्रिस्ती कुटुंबे आहेत. ती या प्रश्नाला एकच उत्तर देत नाहीत, हे आपणांस ठाऊक असले पाहिजे.

प्रथम त्यांचे शब्द समजून घेऊ. मराठी ख्रिस्ती माणूस मोक्षाला 'तारण' म्हणतो. मनुष्य पापी आहे, त्या पापाची शिक्षा येशूने वधस्तंभावर स्वतःवर घेतली, आणि त्या प्रायश्चित्तामुळे मनुष्याचा देवाशी समेट झाला, असा त्यांचा विश्वास आहे. येथपर्यंत बहुतेक सर्व पंथ एकत्र असतात. वाद पुढे आहे.

वादाचे बीज त्यांच्या नव्या करारातच आहे. मार्कच्या शुभवर्तमानात येशूने आपला जीव 'पुष्कळांसाठी' खंडणी म्हणून दिला असे म्हटले आहे. तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात तीच खंडणी 'सर्वांसाठी' होते. योहानाच्या शुभवर्तमानात मेंढपाळ आपल्या मेंढरांसाठी प्राण देतो. योहानाच्या पहिल्या पत्रात ते प्रायश्चित्त साऱ्या जगाच्या पापांसाठी ठरते. आता 'पुष्कळ' म्हणजे सर्व, की 'सर्व' म्हणजे सर्व प्रकारचे लोक? ज्याने जो शब्द घट्ट धरला त्याने दुसऱ्याचा अर्थ त्याप्रमाणे लावला.

हा वाद सर्वांत जास्त पेटला तो हॉलंडमध्ये. जॉन कॅल्व्हिन (१५०९-१५६४) या धर्मसुधारकाची शिकवण तेथे रूढ होती : कोणाचे तारण व्हावयाचे ते देवाने आपल्या इच्छेने आधीच ठरविले आहे. लायडेन विद्यापीठातील प्राध्यापक आर्मिनियस याला हे पटले नाही. तो १६०९ साली वारला. पुढल्याच वर्षी त्याच्या अनुयायांनी पाच कलमांचे एक निवेदन काढले. त्यांतील दुसरे कलम असे की, ख्रिस्त सर्वांसाठी मेला, परंतु त्याचा लाभ विश्वास ठेवणाऱ्यालाच मिळतो.

कॅल्व्हिनच्या बाजूचा युक्तिवाद आपल्या लोकांना चटकन कळेल, कारण सावकार आपल्याला नवा नाही. तुमचे कर्ज दुसऱ्याने फेडले आणि सावकाराने पैसे मोजून घेतले, तर तो पुन्हा तुमच्या दारात येऊ शकत नाही. ख्रिस्ताने सर्वांचे ऋण फेडले असेल तर कोणीही नरकात जाता कामा नये. पण काही जातात असे तर शास्त्र सांगते. म्हणून, त्याने निवडलेल्यांचेच ऋण फेडले. आर्मिनियसचे लोक म्हणत, ही कर्जाची पावती नव्हे. हे दवाखान्यातले औषध आहे, सर्वांसाठी ठेवलेले, पण जो घेईल त्यालाच गुण येणार. मग घेण्याचे बळ माणसात येते कोठून, असे पहिला पक्ष विचारी. तर्क म्हणून पाहिले तर दोन्ही बाजू दुबळ्या नाहीत.

निकाल मात्र तर्काने लागला नाही. डॉर्ट या गावी नोव्हेंबर १६१८ ते मे १६१९ धर्मसभा भरली. ख्रिस्ताच्या मरणाचे मोल साऱ्या जगाला पुरेल इतके आहे, परंतु ते फलद्रूप होते निवडलेल्यांसाठीच, असे तिने ठरविले. सुमारे दोनशे धर्मोपदेशकांना पदावरून काढण्यात आले. त्यांचा पाठीराखा, वयोवृद्ध मुत्सद्दी ओल्डनबार्नेवेल्ट याचा १३ मे १६१९ रोजी शिरच्छेद झाला. त्यात राजकारणही पुष्कळ होते. विद्वान ग्रोशियसला जन्मठेप झाली. तो १६२१ साली पुस्तकांच्या पेटीत लपून किल्ल्यातून निसटला.

इंग्लंडमध्ये बाप्टिस्टांचे या एका प्रश्नावरून दोन पंथ झाले. ख्रिस्त सर्वांसाठी मेला म्हणणारे 'जनरल', निवडलेल्यांसाठी म्हणणारे 'पर्टिक्युलर'. दुसऱ्या पंथातील काही उपदेशक तर सर्वांना विश्वासाचे आमंत्रण देणेही चूक मानीत. देवाने ज्यांना निवडले त्यांना तो आणील, आपण कशाला हाक मारावी? या विचाराला त्याच पंथातील अँड्र्यू फुलर याने १७८५ साली ग्रंथ लिहून विरोध केला. निवड देवाची असली तरी शुभवर्तमान ऐकणाऱ्या प्रत्येकाचे कर्तव्य विश्वास ठेवण्याचे आहे, म्हणून ते सर्वांना सांगितलेच पाहिजे, असे त्याचे म्हणणे. हे म्हणणे मनावर घेणाऱ्यांत जोडे शिवून पोट भरणारा एक तरुण होता, विल्यम कॅरे. १७९२ साली त्यांची मिशनरी संस्था निघाली आणि १७९३ साली कॅरे बंगालमध्ये उतरला. मराठीचे व्याकरण (१८०५) आणि मराठी-इंग्रजी कोश (१८१०) त्याच्या नावावर आहेत, आणि १८११ साली श्रीरामपूरच्या छापखान्यातून मराठी नवा करार निघाला. सातासमुद्रापलीकडील निवडीचा वाद आपल्या भाषेच्या छपाईपर्यंत असा येऊन पोहोचला. शास्त्रार्थ निरुपयोगी असतो असे म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

मेथॉडिस्टांचा पुढारी जॉन वेस्ली याने १७३९ सालीच कॅल्व्हिनमताविरुद्ध प्रवचन छापून तारण सर्वांना खुले असल्याचे सांगितले होते. त्यावरून त्याचा जुना मित्र व्हाइटफील्ड दुरावला. आणखी एक लहान पंथ तर शेवटी प्रत्येक जीव तरेल असे मानणारा. नरक कायमचा नाहीच, असे त्याचे मत.

गोव्यातील व वसईकडील बहुसंख्य ख्रिस्ती रोमन कॅथलिक आहेत. त्यांच्या चर्चचे मत असे की ख्रिस्त अपवाद न करता सर्वांसाठी मेला. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ साली आणखी सांगितले की, स्वतःचा दोष नसताना ज्याला शुभवर्तमान कळले नाही, पण जो मनापासून सदाचाराने वागतो, त्यालाही तारण मिळू शकते. मात्र त्यांच्या मिस्सा-विधीत द्राक्षारसाच्या वेळी म्हणावयाच्या वाक्यात लॅटिनमध्ये 'पुष्कळांसाठी' असाच शब्द आहे. इंग्रजी भाषांतरात त्याचे 'सर्वांसाठी' झाले होते, ते २०११ साली पुन्हा 'पुष्कळांसाठी' करण्यात आले. शिकवण बदललेली नाही, मूळ शब्दाशी इमान राखले, असा खुलासा चर्चने केला.

आपल्याकडील प्रॉटेस्टंटांविषयी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे सहा चर्चसंस्था एकत्र येऊन उत्तर भारताची मंडळी स्थापन झाली. त्यांत कॅल्व्हिनच्या परंपरेतील प्रेस्बिटेरियन होते आणि वेस्लीच्या परंपरेतील मेथॉडिस्टही होते. डॉर्टच्या सभेत ज्यांची मते एका बाकावर बसली नसती ते आज एकाच मंदिरात उपासना करतात. तेव्हा शेजारच्या ख्रिस्ती मावशींशी किंवा आपल्या नात्यातल्या मामांशी बोलताना 'तुमच्या धर्मात असे आहे' असे आपणच सांगू नये. तुमचे चर्च कोणते आणि ख्रिस्त कोणासाठी मेला असे तुम्ही मानता, हे त्यांनाच विचारावे. बहुतेक जण 'सर्वांसाठी' म्हणतील. मग ज्याने विश्वास ठेवला नाही त्याचे काय, हेही नम्रपणे विचारावे आणि उत्तर पुरते ऐकून घ्यावे.