नवे वाण गावात कसे रुजते? समाजशास्त्राची शिकवण

प्रात्यक्षिकात एखाद्या वाणाचे उत्पादन चांगले आले, तरी पुढच्याच हंगामात सारे गाव ते वाण पेरत नाही. असे का होते, याचे उत्तर केवळ पीकशास्त्रात मिळत नाही. माणूस निर्णय घेतो तेव्हा घर, भाऊबंद, शेजारी आणि स्वतःची ऐपत यांचा त्यावर परिणाम होत असतो. या संबंधांचा पद्धतशीर अभ्यास म्हणजे समाजशास्त्र. शेतकरी बंधूंनी ते समजून घेतल्यास स्वतःचे निर्णय अधिक डोळसपणे घेता येतील.

आयोवातील मक्याचा अभ्यास

अमेरिकेतील आयोवा राज्यात १९२८ च्या सुमारास संकरित मक्याचे बियाणे शेतकऱ्यांना मिळू लागले. त्याचे उत्पादन जुन्या वाणांपेक्षा सुमारे २० टक्के अधिक येई. मात्र घरचे बी चालत नसे; ते दरवर्षी विकत घ्यावे लागे. ब्राइस रायन व नील ग्रॉस या समाजशास्त्रज्ञांनी तेथील शेतकऱ्यांच्या मुलाखती घेऊन १९४३ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. अभ्यासातील २५९ शेतकऱ्यांपैकी दोन वगळता सर्वांनी १९४१ पर्यंत हा मका स्वीकारला होता. परंतु १९३३ पर्यंत हे प्रमाण जेमतेम १० टक्के होते. पुढील तीन वर्षांत ते ४० टक्क्यांवर गेले.

वाणाची पहिली माहिती अनेकांना बियाणे विक्रेत्याकडून मिळाली होती. पेरणीचा निर्णय घेताना मात्र शेजाऱ्याचा अनुभव अधिक मोलाचा ठरला. शिवाय बहुतेकांनी प्रथम थोड्या क्षेत्रावर पेरून पाहिले व नंतर क्षेत्र वाढविले.

मागे राहणारा अडाणी नसतो

एव्हरेट रॉजर्स यांनी १९६२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात नवी गोष्ट स्वीकारणाऱ्यांचे पाच गट मांडले. अगदी प्रथम धाडस करणारे शंभरात अडीच, त्यांच्यामागून येणारे साडेतेरा, नंतर चौतीस, पुन्हा चौतीस आणि शेवटचे सोळा. शेवटच्या गटाला हट्टी ठरविणे सोपे असते. परंतु ज्याची जमीन थोडी व गाठीला पैसा नाही, त्याला एक हंगाम फसला तरी कर्ज काढावे लागते. त्याचे थांबणे हा हिशेब असतो.

आपल्याकडील संकरित ज्वारीचेही असेच झाले. सीएसएच-१ हे भारतातील पहिले संकरित ज्वारीचे वाण १९६४ मध्ये प्रसारित झाले. धान्य भरपूर येई; पण ताटे बुटकी असल्याने कडबा कमी मिळे, पक्वतेच्या वेळी पाऊस झाल्यास दाणे काळे पडत आणि भाकरीच्या चवीबद्दलही तक्रार होती. ज्याच्या दावणीला बैल व म्हैस होती, त्याने कडब्याचा विचार केला यात नवल नाही. शास्त्रज्ञ दाणा मोजत होते, शेतकरी दाणा व कडबा दोन्ही मोजत होता.

शेजाऱ्यावरील विश्वासाची दुसरी बाजूही ध्यानात घ्यावी. चांगल्या वाणाप्रमाणे अनावश्यक फवारणीही बांधावरूनच पसरते. किडीची पाहणी न करता केवळ शेजाऱ्याने औषध मारले म्हणून मारल्यास खर्च वाढतो आणि मित्रकीटकही मरतात.

शेतकऱ्यांनी काय करावे?

१. नवे वाण प्रथम थोड्या क्षेत्रावर, नेहमीच्या वाणाशेजारी पेरून पाहावे.

२. शेजाऱ्याचे उत्पादन विचारताना त्याची जमीन, पाणी व खर्च यांचीही चौकशी करावी.

३. धान्याबरोबर चारा, चव व बाजारभाव यांचा एकत्रित हिशेब मांडावा.

४. निर्णयात घरातील स्त्रियांना सामील करून घ्यावे. निंदणी, काढणी व साठवणीतील अडचणी त्यांना अधिक माहीत असतात.

५. शेतीशाळा किंवा प्रात्यक्षिक अल्पभूधारकाच्या शेतावरही घेण्याचा आग्रह धरावा. आपल्यासारख्याच परिस्थितीतील शेतकऱ्याचे पीक पाहिल्यावर इतरांना भरवसा वाटतो.

नव्या वाणाला "नको" म्हणणाऱ्या शेतकऱ्याला आधी कारण विचारावे. त्या कारणातच पुढच्या सुधारणेची दिशा सापडते.