ऑटिझम आणि मेंदू : आईला दोष देणे थांबवू या

दोन-अडीच वर्षांचे मूल. नावाने हाक मारली तर वळून बघत नाही. कानाचा दोष म्हणावा, तर बिस्किटाचा पुडा फोडल्याचा आवाज आला की आतल्या खोलीतून धावत येते. खेळण्यातली गाडी ते चालवत नाही. उलटी धरून तिचे चाक तासभर फिरवत बसते. काही हवे असले तर बोटाने दाखवत नाही, आईचा हात धरून फळीपर्यंत ओढत नेते. कुकरची शिट्टी झाली की कानांवर हात ठेवून किंचाळते.

अशी मुले आपल्या वस्त्यांत आहेत. जगभरात साधारण शंभर-सव्वाशे मुलांमागे एकाला ऑटिझम असतो. मराठीत त्याला स्वमग्नता म्हणतात. पण घरात आणि शेजारीपाजारी हा शब्द क्वचितच ऐकू येतो. तिथे ऐकू येते ते असे : आई कामाला जाते म्हणून मूल असे झाले. गरोदरपणी ग्रहण पाळले नाही. बाहेरची बाधा आहे. गेल्या जन्मीचे पाप आहे. लस टोचली तेव्हापासून बिघडले. बोट फिरून फिरून येते ते आईवरच. म्हणून या वेळी आम्ही औषधांची यादी न देता मेंदूची गोष्ट सांगणार आहोत. मेंदूत काय वेगळे असते हे कळले, की दोष कुणाचा हा प्रश्न मागे पडतो आणि मदत काय करायची हा प्रश्न पुढे येतो.

आईवर ठपका कसा आला आणि कसा पुसला गेला

आईला दोष देण्याची चूक एकट्या आपल्या वस्तीची नाही. शिकल्यासवरल्या डॉक्टरांनीही ती केली. अमेरिकेतील बाल्टिमोर शहरात लिओ कॅनर या बालमनोविकारतज्ज्ञांनी १९४३ साली ११ मुलांची माहिती प्रसिद्ध केली. ही मुले माणसांत रमत नव्हती आणि रोजच्या क्रमात जरा बदल झाला तरी बेचैन होत होती. त्यांची ही अडचण जन्मापासूनची आहे, असे कॅनर यांनी तेव्हाच लिहिले होते. पण पुढे त्यांनी पालकांच्या थंड वागण्याकडेही बोट दाखवले. त्यातून ‘फ्रिजसारखी थंड आई’ ही कल्पना पसरली. शिकागोचे ब्रुनो बेटलहाइम यांनी १९६७ सालच्या पुस्तकात ती ठासून मांडली. मुलाला आईबापांपासून दूर ठेवणे हाच उपाय, असे ते सांगत. कित्येक आयांनी हा आरोप मनावर घेऊन आयुष्य काढले.

त्याला पहिले भक्कम उत्तर दिले ते एका बापाने. बर्नार्ड रिमलँड हे मानसशास्त्रज्ञ होते आणि त्यांच्या स्वतःच्या मुलाला ऑटिझम होता. आपल्या पत्नीच्या मायेत काही कमी नाही हे त्यांना दिसत होते. त्यांनी मिळेल तेवढे संशोधन वाचून काढले आणि ऑटिझमचे मूळ मेंदूत आहे असे १९६४ सालच्या पुस्तकात दाखवून दिले. त्या पुस्तकाची प्रस्तावना खुद्द कॅनर यांनी लिहिली. पुढे १९६९ साली पालकांच्या एका सभेत उभे राहून कॅनर यांनी सर्व पालकांना दोषमुक्त केल्याचे जाहीर केले.

१९७७ साली सुसान फोल्स्टाइन आणि मायकेल रटर यांनी ब्रिटनमधील २१ जुळ्या जोड्या तपासल्या. प्रत्येक जोडीतल्या एकाला तरी ऑटिझम होता. हुबेहूब जुळ्यांच्या ११ जोड्यांपैकी ४ जोड्यांत दुसऱ्या भावंडालाही ऑटिझम निघाला. साध्या जुळ्यांच्या १० जोड्यांत एकाही दुसऱ्या भावंडाला नव्हता. घर तेच, आई तीच, दूधही तेच. फरक एवढाच की हुबेहूब जुळी एकाच गर्भापासून होतात आणि त्यांची जनुके सारखी असतात. नंतरच्या मोठमोठ्या अभ्यासांनी हेच पक्के केले.

मेंदूत काय वेगळे असते

आपल्या मेंदूत सुमारे ८६ अब्ज चेतापेशी असतात. एक पेशी दुसरीला निरोप देते, ती तिसरीला. बोलणे, हसणे, आईचा चेहरा ओळखणे, सगळे या निरोपांवर चालते. जिथे एक पेशी दुसरीला निरोप पोहोचवते त्या जागेला आपण जोड म्हणू. ऑटिझमशी संबंध असलेली शेकडो जनुके आता माहीत झाली आहेत. त्यांतली बरीचशी या जोडांच्या बांधणीत किंवा गर्भातल्या मेंदूच्या वाढीत काम करतात.

घडण वेगळी व्हायला सुरुवात होते ती पोटात असतानाच. २०१४ साली अमेरिकेतील शास्त्रज्ञांनी मृत्यू पावलेल्या ११ ऑटिझमग्रस्त मुलांच्या मेंदूचे तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. मेंदूच्या बाहेरच्या आवरणात पेशी थरांनी रचलेल्या असतात, भिंतीत विटांचे थर असतात तशा. ११ पैकी १० मुलांच्या मेंदूत ठिकठिकाणी हे थर विस्कळीत दिसले. ऑटिझम नसलेल्या ११ मुलांपैकी एकाच्याच मेंदूत तसे आढळले. हे थर गरोदरपणाच्या मधल्या महिन्यांत रचले जातात. मूल जन्मून आईने त्याला मांडीवर घेण्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट आहे.

जन्मानंतरही मेंदू घडत राहतो. पहिल्या काही वर्षांत लागतात त्याहून जास्त जोड तयार होतात, मग नको असलेले गळून जातात. मोकळ्या मैदानाचे उदाहरण घ्या. सुरुवातीला माणसे वाटेल तिकडून चालतात आणि पन्नास वाटा उमटतात. हळूहळू रोजच्या वापराच्या चार वाटा ठळक होतात, बाकीच्यांवर गवत उगवते. मेंदूतही असेच होते आणि त्यामुळे निरोप सरळ पोहोचतात. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातील संशोधकांनी २०१४ साली दाखवले की, बालपण संपेपर्यंत सर्वसाधारण मेंदूत अशा जोडांची दाटी जवळपास निम्म्याने कमी होते. ऑटिझम असलेल्यांच्या मेंदूत ती फक्त १६ टक्क्यांनी कमी झालेली होती. म्हणजे तिथे वाटांची गर्दी तशीच राहते.

या गर्दीचा अर्थ मुलाच्या बाजूने समजून घ्या. आपल्या घरात एकाच वेळी पंखा फिरतो, टीव्ही चालू असतो, नळावर भांडण चालते, कुणीतरी हाक मारते. आपला मेंदू बाकीचे मागे सारतो आणि हाक पुढे आणतो. निरोप पुढे ढकलणाऱ्या पेशी आणि निरोप थोपवणाऱ्या पेशी यांचा तोल असला तरच हे जमते. ऑटिझममध्ये हा तोल वेगळा असावा, असे बऱ्याच शास्त्रज्ञांना वाटते. त्यामुळे सगळेच आवाज सारख्या जोराने येतात. जयंतीच्या मिरवणुकीत डीजेजवळ हे मूल जमिनीवर लोळण घेते, तेव्हा तो हट्ट नसतो. तो आवाज त्याला सोसत नसतो. चाक फिरवणे, हात फडफडवणे, पुढेमागे डुलणे यातून त्याला ठरलेले, ओळखीचे काहीतरी मिळते आणि जीव शांत होतो.

हाकेला ओ न देण्याचेही तसेच. अटलांटा येथील संशोधकांनी तान्ह्या बाळांची नजर यंत्राने टिपली. ज्यांना पुढे ऑटिझम असल्याचे निदान झाले, ती बाळेही दोन महिन्यांची असताना समोरच्याच्या डोळ्यांकडे बघत होती. दोन ते सहा महिन्यांच्या काळात ते बघणे हळूहळू कमी होत गेले. मूल आईला नाकारत नाही. चेहऱ्याकडे लक्ष ओढून नेणारी मेंदूतली वाट त्याच्यात वेगळी घडत असते. ‘स्वमग्न’ या शब्दावरून मूल स्वतःतच गुंग आहे, त्याला कुणाची ओढ नाही असे वाटते. तसे नसते. त्याला माया असते, ती दाखवण्याची रीत निराळी असते.

सगळी मुले सारखी नसतात. कुणी अजिबात बोलत नाही, कुणी भरपूर बोलते पण गप्पा मारता येत नाहीत. कुणाला शिकायला खूप वेळ लागतो, कुणी चार वर्षांचे असताना बसवरचे आकडे घडाघडा वाचते. मुलींचे लक्षात यायला अनेकदा उशीर होतो, कारण ‘लाजाळू आहे’ म्हणून आपण सोडून देतो.

कशामुळे होते, कशामुळे होत नाही

जनुकांचा वाटा सर्वांत मोठा आहे. त्यांतले काही बदल आईकडून येतात, काही बापाकडून, आणि काही दोघांतही नसतात. गर्भ राहतानाच ते नव्याने घडतात. कुणी मुद्दाम काही केलेले नसते. आधीच्या मुलाला ऑटिझम असेल तर पाठच्या भावंडालाही तो असण्याची शक्यता जास्त असते, म्हणून त्याच्याकडे पहिल्या वर्षापासून लक्ष ठेवावे. गरोदरपणी रुबेला झाला तर धोका वाढतो. फिटसाठी दिले जाणारे व्हॅलप्रोएट हे औषध गरोदरपणी चालू असले तरीही वाढतो. पण ते मनाने बंद करू नका. दिवस राहण्याआधीच डॉक्टरांना विचारून बदलून घ्या.

लसीचा संबंध नाही. १९९८ साली ब्रिटनमधील अँड्र्यू वेकफिल्ड यांनी अवघ्या १२ मुलांवरून गोवराच्या लसीवर संशय घेतला होता. तो लेख २०१० साली मासिकाने मागे घेतला आणि त्यांचा डॉक्टरकीचा परवानाही रद्द झाला. डेन्मार्कमध्ये साडेसहा लाखांहून अधिक मुलांची नोंद तपासली गेली. लस घेतलेल्या मुलांत ऑटिझम जास्त आढळला नाही. गोवर-रुबेलाची लस तर रुबेलापासून वाचवते, म्हणजे एक धोका कमीच करते.

मोबाइलने ऑटिझम होत नाही. पण मूल दिवसभर मोबाइल बघत राहिले तर माणसांशी बोलण्याचा वेळ जातो, आणि या मुलाला तोच वेळ सर्वांत जास्त हवा असतो. ग्रहण, नजर, बाधा, मागचा जन्म यांचा मेंदूच्या घडणीशी काही संबंध नाही. मुलाला चटके देणे, धूर देणे, मारणे हा अत्याचार आहे. भूत उतरवण्याच्या नावाखाली असे करणे महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे.

मेंदू घडत असतानाच मदत

ऑटिझम बरा करणारे औषध नाही. ‘स्टेम सेल’च्या नावाने लाखो रुपये मागणाऱ्यांच्या नादी लागून कर्ज काढू नका, त्याने ऑटिझम बरा होतो हे सिद्ध झालेले नाही. फिट येणे किंवा झोप न लागणे यांवर मात्र उपचार आहेत, ते जरूर घ्या.

खरा आधार आहे तो मेंदूच्याच एका गुणाचा. लहानपणी वाटा अजून पडत असतात. ज्या वाटेने रोज जाल ती ठळक होते. गोव्यात आणि पाकिस्तानातील रावळपिंडीत मिळून ६५ मुलांवर झालेला एक अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. गोव्यात हे काम संगाथ या संस्थेने केले. तज्ज्ञ नसलेल्या, पण शिकवून तयार केलेल्या कार्यकर्त्यांनी आईवडिलांना मुलाशी कसे खेळायचे, कसे बोलायचे हे दाखवले. पालक मुलाच्या कलाने वागू लागले आणि मुलेही आपणहून पालकांशी संवाद सुरू करू लागली. यासाठी महागडे यंत्र लागले नाही.

घरी करता येईल ते असे. मुलाच्या समोर, त्याच्या उंचीला बसा. ते ज्यात रमले आहे त्यातच सामील व्हा. ते चाक फिरवत असेल तर तुम्हीही फिरवा. थोडे आणि सोपे बोला : ‘गाडी. गाडी आली.’ मग थांबा, दहापर्यंत मोजा, त्याला उत्तर द्यायला वेळ द्या. खाऊ लगेच हातात देऊ नका. त्याने बघितले, हात पुढे केला, आवाज काढला की द्या. दिवसाचा क्रम ठरलेला ठेवा आणि बदल होणार असेल तर आधी सांगा. हे काम आईच्या एकटीच्या अंगावर टाकू नका. बापाने, आजीने, मोठ्या भावंडाने रोज पंधरा मिनिटे दिली तरी मुलाला वेगवेगळ्या माणसांची सवय होते.

कधी आणि कुठे जावे

वर्षाचे झाले तरी नावाला वळत नाही. दीड वर्षाचे झाले तरी बोटाने दाखवत नाही किंवा एकही शब्द बोलत नाही. दोन वर्षांचे झाले तरी दोन शब्द जोडत नाही. किंवा येत असलेले शब्द कोणत्याही वयात गेले, तर ‘मुलगे उशिरा बोलतात’ म्हणून वाट पाहू नका. आधी कान तपासून घ्या. ऑटिझम रक्ताच्या तपासणीत दिसत नाही. जाणकार डॉक्टर मुलाला खेळताना पाहून, तुमच्याशी बोलून निदान करतात.

अंगणवाडी ताईंना किंवा आशा ताईंना सांगा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक अंगणवाडीत आणि सरकारी शाळेत येते. ते मुलाला जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पाठवते. तिथे तपासणी आणि थेरपी मोफत असते.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील २१ प्रकारांत ऑटिझम आहे. दिव्यांग प्रमाणपत्र आणि युडीआयडी कार्ड काढून ठेवा. प्रमाणपत्रावर ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असेल तर ६ ते १८ वर्षांपर्यंत जवळच्या शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. शाळेने नकार दिला तर तो लेखी मागा. नॅशनल ट्रस्टच्या निरामय विमा योजनेत वर्षाला १ लाख रुपयांपर्यंत खर्च मिळतो आणि त्यात थेरपीही येते.

शेजाऱ्यांनाही एक सांगणे आहे. पुढच्या वेळी असे मूल रस्त्यात किंचाळताना दिसले तर आईला ‘वळण लावले नाही’ असे म्हणू नका. भोवतीची गर्दी हटवा, आवाज कमी करा आणि तिला विचारा, काही मदत करू का.