वेताळ काढणारा हात

चि. ओंकार,


तुझ्या खेळाचं नियमपुस्तक वाचलं. फासे टाकून भुताखेतांशी लढायची कल्पना मला जरा उशिरानेच पटली, पण पटली. आता चित्रकार शोधतोयस म्हणून चार गोष्टी लिहितो.

‘सगळ्यात भारी’ चित्रकाराच्या मागे लागू नकोस. आर्टस्टेशन या संकेतस्थळावरची चित्रं बघून डोळे दिपतात. पण तुला चित्रं लागणार पंचवीस, आणि तिसऱ्या पानावरची मांत्रिक चाळिसाव्या पानावर ओळखू आली पाहिजे. तेव्हा एकच पात्र त्याने वेगवेगळ्या कोनांतून काढलंय का, ते आधी बघ. नावाजलेलाच हवा असं नाही. 1993 साली ‘मॅजिक: द गॅदरिंग’ हा पत्त्यांचा खेळ आला, तेव्हा कलादिग्दर्शक येस्पर मिरफोर्सने सिअ‍ॅटलच्या कॉर्निश कॉलेजातली आपल्या ओळखीची मंडळी कामाला लावली होती. तूही जे.जे.चं वार्षिक प्रदर्शन चुकवू नकोस. फक्त ‘नाव होईल तुझं’ म्हणून फुकट काम मागायचं नाही. तो आपल्याकडचा जुना रोग आहे.

काम सांगताना ‘भयानक वेताळ काढ’ एवढंच म्हणालास, तर शिंगं आणि लाल डोळेच हाती येतील. त्यापेक्षा असं लिही: वेताळ उभा, माणसाच्या दीडपट उंच, डावीकडून मशालीचा उजेड, चेहऱ्यावर राग नाही, कंटाळा, नावासाठी वरचा चौथा भाग मोकळा. सोबत गोव्यातल्या लोलयेच्या वेताळमूर्तीचे फोटो जोड. कागदाचा आकार, चहूबाजूंनी तीन मिलिमीटर ब्लीड (कापणीसाठीची जादा जागा) आणि 300 डीपीआय हेही आधीच कळव. बदल सुचवायचे ते कच्च्या रेखाटनावर; रंग चढल्यावर ‘हात जरा वर घे’ म्हणालास, तर त्याचे वेगळे पैसे मोज.

पैसे टप्प्याटप्प्याने दे: थोडे सही करताना, थोडे रेखाटन मान्य झाल्यावर, बाकीचे चित्र हातात आल्यावर. खेळ छापून विकला जाईपर्यंत कुणाला ताटकळत ठेवू नकोस.

करार तोंडी नको. आपल्या 1957च्या कॉपीराइट कायद्यानुसार हक्क सोपवायचे तर लेखी आणि सहीनिशीच. त्यात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. उद्या जर्मनीतल्या एसेनच्या खेळमेळ्यात खेळ मांडायचं तुझ्या डोक्यात असेल, तर ते आजच कागदावर येऊ दे. मूळ चित्र आणि त्याचे प्रिंट विकायची मुभा मात्र चित्रकाराकडेच राहू दे. त्यात तुझं काही जात नाही आणि त्याचं घर चालतं.

एआयबद्दलही करारात स्पष्ट लिही. 2023 साली ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या खेळाच्या राक्षसांवरच्या पुस्तकात एका चित्रकाराने एआयचा हात फिरवल्याचं उघड झालं आणि प्रकाशकांना नियम बदलावे लागले. म्हणून अंतिम चित्राबरोबर कच्ची रेखाटनं आणि लेअर असलेली फाइलही माग.

कराराचा मसुदा झाला की सही करण्याआधी मला पाठव.

तुझा,
सदाकाका