कुंडीतला उंच टोमॅटो : आधार कधी, कसा आणि किती?



शाळेच्या परसबागेत किंवा घरच्या गॅलरीत मुलांकडून काहीतरी लावून घ्यायचं ठरलं, की पहिलं नाव टोमॅटोचं येतं. बी सहज मिळतं, आठवड्याभरात उगवतं, मुलं खूश होतात. खरी अडचण येते दीड-दोन महिन्यांनी. रोप भराभर वाढतं आणि एक दिवस आडवं होतं.

आमच्या वर्गात हेच झालं. ५ सप्टेंबरला, शिक्षक दिनी, मुलांनी बी टाकलं. ऑक्टोबरच्या सुरुवातीला रोपं मोठ्या कुंड्यांत लावली. "काठ्या काय, दिवाळीनंतर लावू" असं म्हणून मी ते काम पुढे ढकललं. सुट्टी संपवून आलो, तर दोन रोपं कुंडीबाहेर लोंबत होती आणि एकाचा शेंडा मोडला होता. मग घाईघाईने काठ्या खुपसल्या, हाताला लागली ती वायर घेऊन रोपं आवळून बांधली. पंधरा दिवसांत बांधलेल्या जागी खोडाला करकोचे पडले. जिचं रोप मोडलं होतं ती मुलगी "माझं मेलं" म्हणाली आणि कुंड्यांकडे फिरकेनाशी झाली.

चूक रोपाची नव्हती, माझी होती. आधार उशिरा दिला आणि दिला तो आवळून दिला. म्हणून हा पाठ.

टोमॅटोला आधार का लागतो?

मुलांना आधी हा प्रश्न विचारा : टोमॅटो वेल आहे की रोपटं? वर्गात दोन तट पडतात! काकडी-कारल्याला तणावे असतात, त्यांनी ती दोरी धरून चढतात. घेवड्याचं खोड स्वतःच आधाराभोवती वळतं. टोमॅटोकडे यातलं काहीच नाही. दक्षिण अमेरिकेतले त्याचे रानटी भाऊबंद जमिनीवर पसरत वाढतात. कुंडीत पसरायला जागा नसते, म्हणून आपण त्याला उभं करतो. उभं करायचं, तर धरूनही ठेवायला हवं.

टोमॅटोचे साधारण दोन प्रकार असतात. झुडपी जात ठराविक उंचीला थांबते, तिला छोटी काठी पुरते. उंच वाढणाऱ्या जातीचा शेंडा मात्र वाढतच राहतो, पाच-सहा फूट सहज. बहुतेक चेरी टोमॅटो या दुसऱ्या प्रकारचे. बियाण्याच्या पाकिटावर जात पाहून घ्या. घरच्या टोमॅटोचं बी असेल, तर उंच वाढणार असंच धरून चाला.

कुंडी आणि माती

उंच जातीसाठी किमान पंधरा-वीस लिटरची कुंडी घ्या. रंगाची रिकामी बादली स्वच्छ धुऊन चालते. तळाला पाच-सहा भोकं हवीतच. माती, शेणखत किंवा गांडूळखत आणि कोकोपीट सारख्या प्रमाणात मिसळा. एका कुंडीत एकच रोप. मुलं "आणखी एक लावू या ना" म्हणतात, तिथे ठाम राहा.

रोप लावताना खालची पानं काढून खोड थोडं खोल गाडा. टोमॅटोच्या खोडाला मातीत मुळं फुटतात, त्यामुळे रोपाची पकड वाढते. रोज किमान सहा तास ऊन मिळेल अशी जागा निवडा.

आधार : लावणीच्याच दिवशी

या पाठातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच. काठी रोपासोबतच लावा. नंतर खुपसली, की वाढलेली मुळं तुटतात. वीतभर रोपाशेजारी सहा फुटी काठी पाहून मुलं हसतील, हसू द्या.

१. एक काठी : सहा फुटी बांबू खोडापासून दोन-तीन इंचांवर, कुंडीच्या तळापर्यंत रोवा. कठडा किंवा खिडकीचे गज जवळ असतील, तर काठीचं वरचं टोक त्यांना बांधा.

२. तिकाटणं : कुंडीच्या कडेला तीन काठ्या रोवून वर एकत्र बांधा. मध्ये दर वीतभर अंतरावर सुतळीचे वेढे द्या. वाऱ्याच्या गच्चीवर हा प्रकार एका काठीपेक्षा भक्कम.

३. वरून दोरी : गॅलरीत वर हुक असेल, तर तिथून सुतळी सोडा. खालचं टोक खोडाच्या बुडाशी सैल बांधा आणि शेंडा वाढेल तसा सुतळीभोवती हळूच वळवत जा. सुतळी ताणून बांधू नका, नाहीतर रोप मुळासकट वर ओढलं जाईल.

जुन्नर-नारायणगावकडे किंवा नाशिक भागात टोमॅटोचे प्लॉट पाहिलेत ना? बांबू, तार आणि सुतळी. शेतकरी तिथे जे ओळीने करतात, तेच आपण एका कुंडीत करतोय. मुलांपैकी कुणाच्या घरी शेती असेल, तर बांधणी त्यालाच शिकवायला सांगा. तो आपल्यापेक्षा चांगली शिकवेल.

एक सूचना : फळं धरली की कुंडीचा वरचा भाग जड होतो आणि ती वाऱ्याने कलंडते. बुडाशी दोन विटा लावा. कुंडी कठड्यावर कधीही ठेवू नका, खाली मुलं खेळत असतात.

बांधायचं कसं?

वायर, नायलॉनची बारीक दोरी नको. जुन्या सुती साडीची किंवा ओढणीची बोटभर रुंद पट्टी सर्वांत चांगली. पट्टी मराठी ४ च्या आकड्यासारखी नाही, इंग्रजी आठाच्या आकड्यासारखी फिरवा : एका वेढ्यात खोड, दुसऱ्यात काठी, मध्ये फुली. गाठ काठीच्या बाजूला घट्ट, खोडाच्या बाजूला सैल. मुलांना सोपी कसोटी द्या : खोड आणि पट्टी यांच्यामध्ये करंगळी सहज गेली पाहिजे. खोड पुढे जाड होणार आहे, ती जागा त्याची आहे.

दर वीतभर वाढीला एक गाठ, पानाच्या देठाच्या खाली. फुलांच्या घोसाखाली बांधू नका, फळांच्या वजनाने घोस पट्टीवर कापला जातो.

बगलफूट

पान आणि खोड यांच्या बेचक्यातून जी नवी फांदी फुटते, ती बगलफूट. उंच जातीत ती दोन-तीन इंचांची असतानाच सकाळी बोटांनी मोडून काढा. एक किंवा दोनच मुख्य फांद्या ठेवा, म्हणजे आधारावर भार कमी येतो. फुलांचा घोस बेचक्यातून नाही, थेट खोडातून येतो. हा फरक मुलांना आधी दाखवा, नाहीतर उत्साहात फुलंच खुडली जातात! झुडपी जातीची बगलफूट काढू नका, तिथे फळं त्याच फांद्यांवर येतात.

काढलेली फूट टाकू नका. आमच्या त्या मोडलेल्या शेंड्याचं आम्ही हेच केलं. पाण्याच्या ग्लासात खिडकीत ठेवला. दहा दिवसांत पांढरी मुळं दिसली. ती मुलगी रोज मधल्या सुट्टीत येऊन मुळं मोजायला लागली. फेब्रुवारीत त्याच रोपाला सात टोमॅटो लागले. या वेळी काठी तिनेच आधी रोवली होती.

पाणी

सकाळी, बुडाशी, तळाच्या भोकातून निथळेपर्यंत. एक दिवस कोरडं आणि एक दिवस महापूर असं झालं, की फळं तडकतात. फळाचं बूड काळं पडतं तेही बहुधा याचमुळे. पाणी अनियमित असलं की कॅल्शियम फळापर्यंत नीट पोचत नाही. सुट्टीत कुंड्या घरी वाटून द्या किंवा मातीवर पालापाचोळ्याचा जाड थर द्या आणि एक दिवसाआड पाण्याची सोय करा.

वर्गात काय काय करता येईल?

- दर सोमवारी उंची सेंटिमीटरमध्ये मोजून आलेख काढणे.
- कोणत्या तारखेला कितवी गाठ बांधली, याची नोंद ठेवणे.
- शेजारी काकडी लावून तणावा आणि टोमॅटोचं खोड यांची तुलना करणे.
- दर पंधरा दिवसांनी करंगळीची कसोटी घेणे. बोट जात नसेल, तर जुनी गाठ सोडून नवी बांधणे.

पालकांना एक विनंती. रोप मोडलं तर रात्रीतून दुसरं आणून ठेवू नका. मुलाला मोडलेलं बघू द्या, शेंडा पाण्यात ठेवू द्या, वाट बघू द्या. आणि काठी रोवायचं काम सुट्टीनंतरवर ढकलू नका, एवढं माझ्या अनुभवावरून सांगते.