गोणपाटावरील शंभर दाणे

शेतकरी कुटुंबातील बालकाला शेती वेगळी शिकविण्याची आवश्यकता नाही, असा एक समज शिक्षकांमध्ये व पालकांमध्येही आढळतो. तो पुरता खरा नाही. सहा-सात वर्षांचे मूल बैल, ट्रॅक्टर, मळणीयंत्र रोज पाहते. परंतु घरातील बी पेरण्याजोगे आहे किंवा नाही हे वडीलधारी माणसे कशावरून ठरवितात, याची त्यास कल्पना नसते. पाहणे व समजणे यांतील हे अंतर घरच्या घरी, स्वतःच्या हातांनी केलेल्या कामांतूनच भरून निघते.

ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डी येथे सुरू केलेल्या आणि अनुताई वाघ यांनी पुढे कोसबाडच्या टेकडीवर वाढविलेल्या कार्याचा गाभा हाच होता. मूल शाळेकडे येत नसेल तर शाळा त्याच्या अंगणात न्यावी, आणि विकतच्या साधनांऐवजी बिया, पाने, खडे, शिंपले हाती द्यावेत, ही त्यांची दृष्टी होती.

आपल्या घरांत अशी साधने मुळातच आहेत. नवरात्रात शेतातील माती आणून पत्रावळीवर धान्य पेरले जाते व घट बसविला जातो. रब्बीच्या तोंडावर होणारी ही पेरणी मुलाच्या हातून करवून घ्यावी. देवघराच्या अंधारात वाढलेले अंकुर पिवळे दिसतात. त्याच दिवशी त्याच धान्याचे दुसरे भांडे अंगणात ठेवले तर तेथील अंकुर हिरवे येतात. हा फरक का पडला, हे मूल आपणहून विचारते. उत्तर देण्याची घाई मोठ्यांनी न केलेली बरी.

याहून मोलाचे काम मे महिन्यात निघते. सोयाबीनचे घरचे बियाणे राखून ठेवणाऱ्या शेतकऱ्याने पेरणीपूर्वी उगवणक्षमता तपासावी, असे कृषी विभाग सांगत असतो. ही तपासणी मुलाकडे सोपवावी. पोत्यातील वरच्या, मधल्या व तळच्या भागांतून मूठ-मूठ बी काढून त्यातून शंभर दाणे मोजून घ्यावेत. येथे मूल हमखास टपोरे दाणे वेचू लागते. त्यास थांबवून, जसे हाती येतील तसेच दाणे का घ्यावयाचे, हे समजावून द्यावे. निवडक दाण्यांवरून सगळ्या पोत्याचा अंदाज चुकतो, ही गोष्ट लहान मुलासही कळते. स्वच्छ धुतलेल्या ओल्या गोणपाटावर दहा-दहा दाण्यांच्या दहा ओळी मांडाव्यात, वर दुसरे ओले गोणपाट अंथरून सैल गुंडाळी करावी व ती सावलीत ठेवावी. रोज पाणी शिंपडण्याचे काम मुलाचेच.

सहा-सात दिवसांनी गुंडाळी उलगडून चांगले कोंब आलेले दाणे मोजावेत. शंभरांपैकी ७० उगवले तर उगवण ७० टक्के, आणि सोयाबीनसाठी ठरविलेली किमान मर्यादाही तीच आहे. शेकडेवारीचा हा धडा फळ्यावर इतका सोपा होत नाही. न उगवलेले दाणेही मुलापुढे ठेवावेत. कोणास बुरशी आली, कोणाचे टरफल पोते आपटल्याने फुटले, हे त्याने शोधावे. सोयाबीनचे टरफल नाजूक असते. पोती हळू उतरवा, असे सांगणाऱ्या आजीचे म्हणणे त्यास तेव्हा पटते.

मुलाने सांगितलेला आकडा वडिलांनी गांभीर्याने घेणे अगत्याचे आहे. उगवण कमी भरल्यास बियाण्याचे प्रमाण वाढवावे लागते. फारच कमी भरल्यास ते बी बाजूला ठेवून दुसरे मिळवावे लागते. घराच्या हंगामाचा निर्णय आपल्या मोजणीवर अवलंबून आहे, हे जाणणारे मूल आळसाने मोजत नाही. वडिलांनी मान डोलावून पुन्हा अंदाजानेच पेरणी केली, तर मात्र हा सगळा खटाटोप खेळ ठरतो.

ग्रामपंचायतीने मेअखेर शाळेच्या किंवा अंगणवाडीच्या ओट्यावर मुलांच्या गुंडाळ्या उलगडण्याचा एक दिवस ठरविल्यास गावातील बियाण्याची स्थिती पेरणीपूर्वीच उघड होईल आणि पर्यायी बियाणे शोधण्यास अवधी मिळेल.

एका बाबतीत मात्र सवलत नको. दुकानातून आणलेले, लाल-गुलाबी रंग चढविलेले बियाणे औषध लावलेले असते. ते मुलांच्या हाती देऊ नये, मोजण्यासाठीही नाही. फवारणीची औषधे व त्यांच्या रिकाम्या बाटल्या कुलपातच असाव्यात. तपासणीसाठी घरचे, औषध न लावलेले बी घ्यावे, आणि बीजप्रक्रिया तपासणीनंतर मोठ्यांनी करावी.